बाजारात थंड, सड्यावर गरम

उल्हासच्या फियाटच्या रेडिएटरमध्ये मी एकदा पेज ओतली.

अगदी पेज नव्हे, पेजेची निवळ, म्हणजे वरचं पातळ पाणी. पण डिचोलीच्या बाजारात असा बारीक फरक कोणी करत नाही. झालं असं की सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, शर्यतीला निघताना मी पाण्याचा एक पांढरा कॅन घेतला, आणि घरातून बायकोने तसल्याच दुसऱ्या पांढऱ्या कॅनमध्ये मिठाची कणी टाकून निवळ दिली. सड्यावर ऊन कातळातून उलटं वर येतं, म्हणून. दोन्ही कॅन मी शेजारी शेजारी ठेवले. उल्हासची गाडी चौथ्या फेरीला वाफा सोडत बाहेर आली तेव्हा हाताला जो लागला तो कॅन उचलला, इंजिन चालू ठेवून, टोपणावर फडकं धरून, जपून, अगदी शास्त्राप्रमाणे थोडं थोडं करत रिकामा केला. दोन मिनिटांत सगळीकडे भात शिजल्याचा वास सुटला. माणसं कुठून वास येतोय म्हणून माना वळवू लागली, आणि एक टॅक्सीवाला ओरडला, "मेस्ता, पेज जाली, लोणचें हाडलां मरे?"

आमच्याकडे मिस्त्रीला मेस्त म्हणतात. तेव्हा मला मेस्त होऊन तीस वर्षं झाली होती. त्या दिवसापासून काही महिने मात्र मी 'पेजेमेस्त' होतो.

आता गंमत अशी की गाडी निवळ ओतण्याआधीच उकळली होती. म्हणूनच तर ओतायची वेळ आली! पण हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. गाडी का तापली? तर मेस्ताने पेज घातली. संपलं. मीसुद्धा आठवडाभर धुण्याचा सोडा घालून रेडिएटर धुवत बसलो, आणि निवळ गेली म्हणजे दुखणं गेलं असं स्वतःला सांगून मोकळा झालो. माझ्या मूर्खपणामागे खरा बिघाड आरामात लपून राहिला.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. माझं मूळ गाव पेडण्याकडचं, गॅरेज डिचोलीत. तेव्हा गॅरेजातल्या बाकावर गिऱ्हाइकं भाषेवरून भांडायची. एक म्हणायचा आपली भाषा मराठी, दुसरा म्हणायचा कोकणी, आणि भांडण दोघंही कोकणीतूनच करायचे. शेजारचा पेंटर तर दोन्ही बाजूंच्या घोषणा एकाच डब्यातल्या रंगाने भिंतीवर रंगवायचा. उल्हासच्या गाडीवर शर्यतीचा आकडा घालायची वेळ आली तेव्हा त्याने ब्रश वर धरून विचारलं, "सात देवनागरी घालूं काय रोमी? मागीर माका मार पडूंक फावना." शेवटी एका दारावर हा, दुसऱ्या दारावर तो, असा तह झाला.

उल्हास म्हणजे बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या दादांचा मुलगा. वय पंचविशीच्या पुढे. बोलताना अडखळायचा. खिळे मागायला आलेलं गिऱ्हाईक त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबत नसे, मधेच म्हणे, "व्हय व्हय, समजलें, दी." दादाही थांबत नसत. मुलगा 'दा-दा-' म्हणेपर्यंत बापाचं उत्तर देऊन झालेलं असे. त्यामुळे त्याने हळूहळू बोलणंच सोडलं होतं. दुकानात मान हलवायचा, घरात मान हलवायचा. मात्र चाकामागे बसला की वेगळाच माणूस. ओरडा नाही, फुशारकी नाही, पण वळण घेताना गाडी अशी काही वळवायचा की शिंपी कापड कापतो तशी रेघ. पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसलो तेव्हा वाटलं, या पोराला जे सांगायचं आहे ते तो इथे सांगतो आहे.

घरातली जुनी फियाट दादांनी त्याला दिली, आणि त्याने ती माझ्याकडे आणली. "मेस्ता, ज-जोरात," एवढंच म्हणाला. मला कोणी 'जोरात' म्हटलं की मी वेडा होतो. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तासून आणलं, लेथवाला कोल्हापूरचा, तो म्हणाला, "मेस्त्री, अजून तासलं तर वर्तमानपत्र हुईल बघा ह्याचं." एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर घातले. सायलेन्सरचा पाइप रुंद केला. मागची सीट काढली. ती अजून माझ्या ओट्यावर आहे, पाहुणे तिच्यावर बसतात.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन म्हणजे चूल. जितकी लाकडं जास्त तितका जाळ जास्त. हेड तासलं, कार्ब्युरेटर वाढवले, म्हणजे आपण लाकडं वाढवली. तो ताप घेऊन पाणी रेडिएटरमध्ये येतं, रेडिएटरच्या जाळीतून वारा जातो, पाणी थंड होऊन परत इंजिनात जातं. एवढंच. वारा समोरून आत यायला हवा, आणि तापलेला वारा कुठूनतरी बाहेर जायला हवा. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा तोंडपाठ म्हणायचो. त्याचा अर्थ मला कळलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आणि इथेच माझी टोपी येते. बॉनेटची बिजागरं मागे, काचेच्या बाजूला असतात. त्यांच्याखाली मी दोन-दोन जाड वायसर, म्हणजे वॉशर, घालून बॉनेटची मागची कड दोन बोटं उचलून ठेवायचो. यालाच सगळे मेस्ताची टोपी म्हणत. तापलेला वारा त्या फटीतून बाहेर. डिचोलीचा रस्ता म्हणजे पुढे खनिजाचा ट्रक, मागे खनिजाचा ट्रक, मधे टॅक्सी बैलाच्या चालीने. तिथे ही युक्ती रामबाण. वाळपईपासून मांद्र्यापर्यंतच्या टॅक्स्या माझ्याकडून टोपी घालून घ्यायच्या. बॉनेट मागून उचललेली गाडी दिसली की लोक म्हणायचे, ही आमच्या मेस्ताच्या हातची. मला यात किती सुख होतं ते आता सांगायला लाज वाटते. रविवारी बायकोला घेऊन म्हापशाला जाताना मी रस्त्यावरच्या टोप्या मोजायचो.

उल्हासच्या गाडीला मी टोपी घातली हे सांगायला नकोच. इतरांना दोन वायसर, त्याला तीन. प्रेमाने.

पावसाच्या तोंडावर दुसरी शर्यत झाली. या वेळी निवळ नव्हती. पाणी मी स्वतः चाखून घेतलं होतं, आणि हे बघून चार जण हसलेही. चौथी फेरी, तापमानाचा काटा लाल. गाडी पुन्हा कडेला. उल्हास उतरला, बॉनेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी दादा गॅरेजवर आले. दादांची एक रीत होती. रोजचं बोलणं कोकणीत, पण निकाल द्यायचा झाला की ते मराठीत येत.

"मेस्त्री," ते म्हणाले, आणि मी पाना खाली ठेवला. "गाडी दोनदा उकळली. बाजारात लोक मला विचारतात, दुकानात स्टोव्ह विकता का. आता एकच संधी. दसऱ्यानंतरच्या शर्यतीत पुन्हा उकळली, तर गाडी सांखळीच्या बाबलाला जाईल. तो काळा-पिवळा रंग देऊन तिची टॅक्सी करणार आहे. मुलगा दुकानात बसेल. हा माझा निर्णय आहे."

उल्हास तिथेच उभा होता. त्याचे ओठ हलले. "दा-दा-" एवढं आलं, तोवर दादा पायरी उतरून गेलेले. पोराने पाना उचलला आणि उगाचच घट्ट असलेला बोल्ट घट्ट करू लागला.

मग पावसाळाभर मी त्या गाडीला जे जे करता येतं ते सगळं केलं. रेडिएटर उघडला तर जाळीत खनिजाची तांबडी धूळ भाजलेल्या विटेसारखी बसलेली. वाटलं, सापडला चोर! सुईने एकेक फट साफ केली. पाण्याचा पंप बदलला. पंखा मोठा घातला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी झडप, आमच्याकडचे मेस्त थंड देशाचा भाग म्हणून काढून फेकतात. मीही फेकला होता, तो नवा आणून परत बसवला. ट्रकच्या मोडीतला तापमानाचा काटा लावला, कारण तो खोटं बोलत नाही. मग गाडी बाजारात नेली. ट्रकांच्या मागे, चढणीवर, भर दुपारी. काटा झोपलेला. कारापूरपर्यंत जाऊन आलो. झोपलेलाच. उल्हास हसला. मी टोपीवर थाप मारली.

पाऊस उघडला तसे आम्ही सड्यावर गेलो. सरळ पट्ट्यावर त्याने गाडी सोडली. दोन फेऱ्या ठीक. तिसरीला काटा उठला. चौथीला लाल.

हे कोडं सुटेना. जिथे वारा नाही त्या बाजारात गाडी थंड, आणि जिथे समोरून वादळासारखा वारा येतो तिथे गरम! माझ्या सगळ्या विद्येच्या उलट. ओट्यावरच्या त्या सीटवर बसून मी तासन्‌तास सुपारी कातरायचो. भेटेल त्याला विचारलं. एकाने सांगितलं, गाडीला दृष्ट लागली. मी ते मनावर घेण्याच्या बेताला आलो होतो.

दसऱ्याला मालूआत्या आल्या. मालूआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, त्या घरात उल्हासचं वाक्य संपेपर्यंत थांबणारं एकमेव माणूस. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा, त्यात गाड्याही आल्या. आत्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि झेंडूची भलीमोठी माळ बॉनेटवर काचेच्या पुढ्यात आडवी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावर निघालो तर आत्या छत्री घेऊन गाडीजवळ हजर. "माका पळोवंक जाय. इतली पुजा केल्या, ती खंय वता तें समजूंक नाका?" एवढी पूजा केली ती जाते कुठे, ते आत्यांना स्वतः बघायचं होतं. मागची सीट नव्हतीच. आत्या पुढे बसल्या, मी मागे पत्र्यावर, जॅकला मिठी मारून.

सड्यावर पोचल्यावर मी माळ काढून दगडावर ठेवली. पण पाकळ्या किती सांडल्या होत्या. वायपरच्या खळगीत पिवळा सडाच पडलेला. म्हटलं, वाऱ्याने उडून जातील. उल्हासने गाडी पळवली. तिसऱ्या फेरीला काटा चढला, त्याने थांबवली, मी बॉनेट उघडलं. आत्या छत्री टेकत जवळ आल्या आणि एकदम कडाडल्या.

"मेस्ता, म्हजीं फुलां हांगा भितर कोणें घालीं?"

इंजिनावर पाकळ्याच पाकळ्या. कार्ब्युरेटरवर चिकटलेल्या, तारांत अडकलेल्या, काही गरम पाइपवर भाजून काळ्या झालेल्या.

"उभी असताना पडल्या असतील फटीतून," मी म्हणालो.

"काल थावन उबी आशिल्ली. सकाळीं तुमी बॉनेट उगडून तेल पळयलें, तेन्ना एक तरी फूल आशिल्लें?"

नव्हतं. मीच तेल बघितलं होतं. म्हणजे पाकळ्या गाडी पळताना आत गेल्या. काचेच्या पायथ्याशी पडलेली पाकळी फटीतून आत. ज्या फटीतून वारा बाहेर पडतो म्हणून मी अख्ख्या तालुक्याला सांगत होतो, त्या फटीतून!

पण तीस वर्षं पाना धरलेला मेस्त फुलाच्या साक्षीवर लगेच फाशी जात नाही. मी माळेचा दोरा मागितला. आत्यांनी कुरकुरत दिला. त्याचे वीतभर लांबीचे तुकडे केले आणि काळ्या टेपने बॉनेटच्या मागच्या कडेला ओळीने चिकटवले, एक टोक सुटं. मग मी उल्हासच्या शेजारी बसलो, कंबरेला दोरी बांधून, कारण पट्टा हा प्रकार त्या गाडीत नव्हता.

"आधी बाजारासारखी चालव," मी म्हटलं. तो हळू निघाला. दोरे काचेकडे झुकून आळसटपणे हलत होते. गरम वारा बाहेर येत होता. माझी टोपी बरोबर! माझी छाती फुगली.

"आता सोड."

त्याने सोडली. सड्याचा पट्टा बंदुकीतून सुटल्यासारखा अंगावर आला. मी डोळे मिटले. मग आठवलं की आपण बघायला बसलो आहोत. उघडले. बॉनेटवर एकही दोरा नव्हता. वाटलं उडाले. उल्हासने वेग कमी केला आणि एकेक दोरा फटीतून बाहेर आला, बिळातून उंदराचं शेपूट यावं तसा. पुन्हा वेग, पुन्हा सगळे आत.

मला पेडण्याकडच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर आठवलं. वारा मागून असला की आई मागचं दार लावून घ्यायची. ते उघडं राहिलं तर वारा तिकडून आत यायचा आणि चुलीचा धूर घरातच कोंडायचा. इथेही तेच. पळत्या गाडीच्या काचेवर वारा आपटतो, तिथे त्याची गर्दी होते, आणि जिथे फट मिळेल तिथे तो घुसतो. समोरून रेडिएटरमधून येणारा वारा आणि मागून फटीतून येणारा वारा, दोघं इंजिनावर डोकं लावून उभे. तापलेल्या वाऱ्याला जायला वाट नाही. बाजारात टोपी औषध, सड्यावर तीच विष. आणि उल्हासच्या गाडीला तर मी तीन वायसरचा डोस दिला होता.

"स-सापडलें?" उल्हासने विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. "चोर माझ्याच घरचा निघाला."

शर्यतीच्या दिवशी सड्यावर आधीच सगळा टॅक्सीस्टँड जमला होता. दादा आले होते आणि त्यांच्याबरोबर सांखळीचा बाबल. हा बाबल म्हणजे दाराचा पत्रा बोटाने वाजवून बघणारा, टायरला लाथ मारणारा. शर्यत सुरू व्हायच्या आधीच तो उल्हासच्या गाडीभोवती असा फिरत होता, जणू मुलगी बघायला आलाय. "हांगा मीटर बसतलो," असंही म्हणाला. उल्हासने ऐकलं.

मी पाना घेतला आणि बिजागराखालचे वायसर काढू लागलो. टॅक्सीवाले जवळ सरकले.

"मेस्ता, तुजी तोपी काडटा मरे तूं?"

"काढतोय."

"आनी आमचे गाडयेची?"

"तुझी गाडी धावते कधी? तू ठेव."

हशा झाला, मीही हसलो. पण खरं सांगतो, तो शेवटचा वायसर हातात आला तेव्हा तो मला फार जड लागला. सगळ्या तालुक्यासमोर स्वतःची पाटी स्वतः उतरवायची होती. बॉनेट खाली बसलं. रेडिएटरच्या बाजूच्या फटीही पत्रा कापून बुजवल्या होत्या, की येणारा वारा जाळीतूनच जावा, शेजारून पळू नये. उल्हास आत बसला. मी काट्याकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली.

शर्यत दहा फेऱ्यांची. मी सुरुवातीचं काहीच पाहिलं नाही. मला फक्त चौथी फेरी पाहायची होती. चौथीला गाडी समोरून गेली. वाफ नाही. पाचवीला दादा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. सहावीला त्यांनी माझा दंड धरला, सातवीला तो दाबला, आणि नवव्या फेरीपर्यंत माझा हात बधिर झाला होता. दहाव्या फेरीला उल्हासने शेवटच्या वळणावर एकाला मागे टाकलं आणि तिसरा आला. आत्यांनी छत्री मिटून आकाशाला टोचली.

मी धावत गेलो, काटा बघितला. मध्यावर. बॉनेटवर हात ठेवला. गरम, पण मरगळ न आलेलं. धावून आलेल्या माणसासारखं.

तेवढ्यात बाबल पुढे आला आणि दादांना म्हणाला, "दादा, हांव घेतां. आतां तर घेतांच. तापना ती गाडी सोडटा कोण?"

हे आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. उकळणारी गाडी तो पडेल भावात मागत होता. न उकळणारी तर त्याला हवीच होती! दादा क्षणभर घोटाळले. व्यापारी माणूस, समोर गिऱ्हाईक उभं. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता मराठी येणार.

"ना," उल्हास म्हणाला.

दादा वळले. बाबलही वळला. "कितें?"

"वि-" उल्हास थांबला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. बाबल तोंड उघडणार, तेवढ्यात दादांनी हात वर करून त्याला थोपवला. दादा थांबले. मी त्यांना कोणासाठी थांबताना पहिल्यांदाच पाहिलं.

"विकची ना," उल्हासने वाक्य पुरं केलं. "गाडी म्हजी."

दादा बाबलाकडे वळले आणि साध्या रोजच्या कोकणीत म्हणाले, "आयकलें मरे? ना म्हणटा तो."

बाबलाने जाता जाता टायरला एक लाथ मारलीच.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. मी ताटली घेऊन तिच्यासमोर वाऱ्याची दिशा दाखवली, फट दाखवली, दोरे कसे आत गेले ते बोटांनी करून दाखवलं. विद्येला दुसऱ्या बाजूने कसं पाहावं लागतं यावर थोडं बोललोही. ती ऐकत होती, निदान तसं मला वाटलं. मग तिने हात धुतले आणि विचारलं, "आनी उल्हास बापायक तोंडार ना म्हणालो?"

"म्हणाला ना! एकदाच अडखळला."

"बरें जालें," ती म्हणाली. "ना म्हणूंक शिकलो तो. तुमी केन्ना शिकतले? तीन टॅक्सीवाले भायर रावल्यात, तोपी काडून दी म्हणटात. आज आयतार, सुटी आसा म्हूण सांगलें हांवें, तर म्हणटात, मेस्त केन्नाच ना म्हणना. उठा."